काकूंच्या नावाची कमान

जि. यवतमाळ, 14 जून

प्रिय विन्या,

तुझा फोन आला तेव्हा वावरात सरकी टोबणं सुरू होतं, म्हणून हो-हो करून ठेवला. तू म्हणालास, काकूंच्या नावानं साठ हजार देतो, वेशीवर कमान बांधा. नको म्हणायला फोनवर जीभ रेटली नसती, म्हणून लिहून राहिलो.

आधी माझी फजिती ऐक. चार वर्षांमागं वर्गणी करून अकरा शिलाई मशीन वाटल्या. फोटो झाले, पेढे झाले. परवा घरोघर जाऊन पाहिलं. चालू तीन. दोन विकल्या, बाकीच्यांवर कपड्यांचा ढीग. एकीनं तोंडावरच ऐकवलं, "भाऊ, गावात शिवणारे दोघं होतेच. तुम्ही विचारलं कुठं?" चार वर्षं छाती फुगवून फिरलो, मोजलं एकदाही नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी मोजलं. 39 गावांत तिथल्याच बाया शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. 47 गावांत नेहमीचीच सरकारी सेवा राहिली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी निघाला. ती 47 गावं नसती तर कोणीही म्हटलं असतं, यंदा पीकपाणी बरं होतं म्हणून पोरं वाचली.

मग कमानीऐवजी तुझे पैसे कुठं कामी येतील ते पाहायला मीही वही काढली. 2000 ते 2019 मध्ये देशात साप चावून सुमारे 12 लाख माणसं गेली, निम्मी जून ते सप्टेंबरात. मण्यार रात्री भुईवर झोपलेल्याला डसते, कित्येकदा चावलेलं कळतही नाही. नेपाळच्या तराईत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना धोका कमी दिसला. तिथंच दमक भागात पोरं मोटारसायकलवर रुग्ण नेऊ लागली, तर दगावण्याचं प्रमाण 10.5 टक्क्यांवरून 0.5 वर आलं. सोबत गावोगाव माहितीही देत होते, म्हणून सारं श्रेय गाडीला द्यायला मी धजत नाही.

कोलाम आदिवासींच्या तीन पोडांत, म्हणजे वस्त्यांत, जाऊन आलो. 112 घरं, 71 घरांत कोणी ना कोणी भुईवर झोपतं. डबल मच्छरदाणी घाऊक अडीचशेला. घरी दोन धरल्या तर साडेपस्तीस हजार. उरलेल्यातून पेट्रोल, बारा पोट्टे गाडीसह तयार आहेत. या वेळी विचारलंही. एक म्हातारा म्हणाला, आत गरम होते, पहाटे पाय बाहेर काढतो. म्हणजे खोसायची कशी ते दाखवायला जावं लागंल, ऑक्टोबरात पुन्हा मोजावं लागंल. एक पोड तुलनेला सोडावा असं मनात आलं होतं. पण इतक्या थोड्या घरांत साप चावणार एखाद्यालाच. त्यातून काही कळायचं नाही, आणि त्या पोडाला तोंड कसं दाखवू?

ग्रामीण रुग्णालयात सापाचं इंजेक्शन रात्रीही असतं का, हे सोमवारी विचारतो. नसलं तर पोट्टे नेतील कुठं?

काकूंचं नाव कुठं टाकायचं ते तूच सांग. मच्छरदाणीवर छापलं तर मला हसू येईल, काकूंनाही आलं असतं. लवकर कळव. काल सांजेला पाऊस लागला.

तुझा,
बंडू