क्वार्टरबॅकला बोल लावण्याआधी संघाच्या कचेरीकडे पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकन फुटबॉलवर टिपण छापून आले. नागपूरच्या मराठी वाचकापर्यंत हा खेळ पोचतो आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पण शिकागो बेअर्स संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, केलेब विल्यम्स पहिल्या वर्षी फुसका निघाला आणि दुसऱ्या वर्षी त्याचे नशीब फळफळले, असा त्या टिपणाचा जो सूर आहे तो मला अजिबात मान्य नाही. मी बेअर्सचा चाहता असतो तर गप्प बसलो असतो. मी त्यांचा कट्टर विरोधक आहे, म्हणून लिहितो आहे.

मी ग्रीन बे गावच्या पॅकर्स संघाचा माणूस. मुलगी आणि जावई तिकडेच, विस्कॉन्सिन राज्यात राहतात. 2021 साली पॅकर्सनी सामान्य लोकांसाठी शेअर काढले, तेव्हा जावयाने 300 डॉलर मोजून एक घेतला आणि चौकट करून दिवाणखान्यात लावला. त्यावर लाभांश मिळत नाही आणि तो बाजारात विकताही येत नाही. तरी माणसे घेतात, कारण या संघाला कुणी एक मालक नाही. पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत आणि गाव लाखभर वस्तीचे, आपल्या कामठीपेक्षा थोडे मोठे म्हणा. उन्हाळ्यात सरावाच्या दिवशी पॅकर्सचे खेळाडू गावातल्या पोरांच्या छोट्या सायकली मागून घेतात आणि त्यांवर बसून मैदानात जातात. सायकलचा मालक हेल्मेट छातीशी धरून शेजारून धावत असतो. सव्वाशे किलोचा गडी, गुडघे हँडलला लागताहेत आणि आठ-नऊ वर्षांचे पोर अभिमानाने त्याच्यासोबत पळते आहे, हे मी स्वतः पाहिले आहे. मी आयुष्यभर क्रीडाशिक्षक होतो. त्या दिवसापासून मी या संघाचा झालो.

बेअर्स आणि पॅकर्स यांचे वैर 1921 पासूनचे. आमच्या घरी ते वैर वरच्या मजल्यावर नांदते. तिथे भाड्याने राहणारी तीन मुले मिहानमध्ये अमेरिकन कंपन्यांच्या कामासाठी रात्रपाळी करतात. तिकडच्या लोकांशी बोलता बोलता त्यांना या खेळाचे वेड लागले. दोघे पॅकर्सचे, एक मिनेसोटा वायकिंग्जचा. बेअर्सचा एकही नाही, त्यामुळे बेअर्सबद्दल बोलायला सगळ्यांनाच मोकळे रान. सोमवारी सकाळी पाळी संपवून आली की माझ्या ओट्यावर चहा आणि वाद. 2024 चा पूर्ण मोसम मी त्यांच्या तोंडून एकच ऐकले, "सर, त्या पोट्ट्यात दमच नाही ना."

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू आला की त्याच्याजवळ अडीच-तीन सेकंद असतात. तेवढ्यात समोरचा बचाव ओळखायचा, धावणाऱ्या चार-पाच साथीदारांपैकी मोकळा कोण ते पाहायचे आणि चेंडू फेकायचा. त्याच्यापुढे पाच दांडगे गडी भिंतीसारखे उभे असतात. ती भिंत फुटली की क्वार्टरबॅक चेंडूसकट जमिनीवर, त्याला सॅक म्हणतात. विल्यम्स 2024 मध्ये 68 वेळा असा पडला. आमचा वायकिंग्जवाला म्हणतो की तो चेंडू फार वेळ धरून ठेवतो. खरे आहे, त्यातल्या काही सॅक त्याच्याच खात्यात जातात. पण बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला चेंडू कधी सोडायचा हे शिकवणारा माणूस कोण होता? नोव्हेंबरपर्यंत आक्रमणाचे प्रशिक्षक शेन वॉल्ड्रन, नऊ सामन्यांनंतर त्यांना काढले. मग थॉमस ब्राउन आले, आणि महिना उलटायच्या आत त्यांनाच हंगामी मुख्य प्रशिक्षक केले. एका मोसमात शिकवणारा माणूस इतक्या वेळा हलला, तर मुलाच्या डोक्यात काय राहणार?

थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या दिवशीचा डेट्रॉइटमधला सामना मला विसरता येत नाही. आपल्याकडे गुरुवारची रात्र होती, 28 नोव्हेंबर. बेअर्स 20-23 असे मागे होते आणि चेंडू त्यांच्याच ताब्यात होता. शेवटचे अर्धे मिनिट उरले असताना विल्यम्सला पाडले. बेअर्सकडे एक टाइमआउट शिल्लक होता. तो घेतला असता तर घड्याळ थांबले असते, एक नीट खेळी करून बरोबरीच्या किकसाठी जवळ जाता आले असते. कुणी टाइमआउट मागितला नाही. सेकंद सरत होते, खेळाडू इकडेतिकडे पाहत जागा घेत होते. शेवटी सहा सेकंद उरले असताना चेंडू उचलला गेला, विल्यम्सने लांब फेकला, तो खाली पडला आणि सामना संपला. टाइमआउट वापरायचा राहिला तो राहिलाच.

वरची मुले टाळ्या पिटून हसली. "घड्याळ पाहता येत नाही का बे याले!" मी तिथल्या तिथे त्यांना थांबवले. क्वार्टरबॅकही टाइमआउट मागू शकतो, हे मला माहीत आहे. पण आंतरशालेय कबड्डीचा सामनासुद्धा ज्याने काठावर बसून सांभाळला आहे, त्याला विचारा, घड्याळ कुणाचे असते. मैदानात पोराचा श्वास फुललेला असतो, आत्ताच तो आपटलेला असतो. म्हणून तर काठावर डोके थंड असलेला मोठा माणूस बसवलेला असतो. सामन्यानंतर मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लूस यांनी घड्याळाच्या त्या कारभाराचे समर्थन केले. दुसऱ्या दिवशी सकाळी संघाने त्यांना पत्रकारांसमोर बसवले, पुढच्या सामन्याबद्दल बोलायला लावले आणि काही तासांत त्यांना काढल्याचे जाहीर केले. शंभर वर्षांहून जुन्या संघाची कचेरी अशी चालते? माणूस काढायचाच होता तर आधी काढायचा, नाही तर त्याला लोकांपुढे बसवायचे नाही.

आता यात नशीब कुठे आहे ते कुणी मला दाखवावे. माझे म्हणणे मी बेअर्सच्याच वहीतून सिद्ध करतो. तिथे दरवर्षी ड्राफ्ट होतो, म्हणजे कॉलेजातून येणारे खेळाडू संघ ठरलेल्या क्रमाने निवडतात. 2017 साली त्यांचे खेळाडू निवडणारे जनरल मॅनेजर रायन पेस यांनी तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर सरकण्यासाठी आणखी तीन निवडी देऊन टाकल्या आणि मिच ट्रुबिस्की या क्वार्टरबॅकला घेतले. त्याच ड्राफ्टमध्ये पुढे दिग्गज ठरलेला क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स दहाव्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. ट्रुबिस्कीचे पहिले वर्ष संपताच प्रशिक्षक जॉन फॉक्स यांना नारळ. 2021 साली पुढचा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स आला. त्याचे पहिले वर्ष संपताच प्रशिक्षक मॅट नॅगी गेले आणि पेससुद्धा गेले. नव्या लोकांनी त्याच्याभोवती नवी पद्धत आणली, 2022 मध्ये त्याला 55 वेळा पाडून घेतले आणि 2024 च्या मार्चमध्ये सहाव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात पिट्सबर्गच्या संघाला देऊन टाकले. मग विल्यम्स, ड्राफ्टमधला पहिला क्रमांक, आणि त्याचे पहिले वर्ष संपायच्या आत एबरफ्लूस बाहेर. तीन मुले, तिघांच्याही पहिल्याच वर्षी खुर्ची डळमळीत झालेला प्रशिक्षक. ज्याला आपली नोकरी पुढच्या वर्षी राहील की नाही ठाऊक नाही, तो तीन वर्षांनी पिकणारे पीक कशाला पेरेल? तो रविवारचा सामना कसा तरी निघावा एवढेच पाहणार. त्यातच नवे स्टेडियम अर्लिंग्टन हाइट्स या उपनगरात बांधायचे की शिकागोतच तळ्याकाठी, यावर वरच्या लोकांची ओढाताण वेगळीच.

आणि 2025 मध्ये काय झाले? बेन जॉन्सन प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी आणि जनरल मॅनेजर रायन पोल्स यांनी सर्वांत आधी ती पाच जणांची भिंत बांधली. कॅन्सस सिटीहून जो थूनी, लॉस एंजेलिसहून जोना जॅक्सन, अटलांटाहून ड्रू डालमन असे तीन अनुभवी गडी मधल्या जागांवर आणले. सॅक निम्म्याहूनही खाली आल्या. त्याच मुलाने 11 सामने जिंकून संघाला आपल्या विभागात पहिले आणले आणि एका मोसमात सर्वाधिक यार्ड फेकण्याचा 1995 पासूनचा बेअर्सचा विक्रम मोडला. 2026 च्या जानेवारीत प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, त्याने आमच्या पॅकर्सना हरवले. आपल्याकडे रविवारची सकाळ होती. मध्यंतराला आम्ही 21-3 ने पुढे होतो, शेवटी 31-27 ने हरलो. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. पण दुःख आमच्या पराभवाचे असले तरी त्या मुलाच्या खेळाला मी नशीब म्हणणार नाही. हात तोच होता, त्याच्यापुढची भिंत बदलली होती आणि कानात बोलणारा माणूस बदलला होता.

आम्हा पॅकर्सवाल्यांना तर हे सर्वांआधी कळायला हवे. आमच्या संघाने ॲरन रॉजर्सला 2005 मध्ये घेतले आणि तीन वर्षे तेव्हाचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व याच्या मागे बसवून ठेवले. जॉर्डन लव्हला 2020 मध्ये घेतले आणि तीन वर्षे रॉजर्सच्या मागे बसवले. त्या निवडीवरून रॉजर्स आणि कचेरी यांच्यात जी धुसफुस झाली ती काही शोभेची नव्हती, तेही लिहायला हवे. पण 1992 पासून 2022 पर्यंत तीस मोसमांहून जास्त काळ दोनच माणसांवर संघ चालला. लव्ह मैदानात उतरला तेव्हा प्रशिक्षक मॅट लाफ्लूर यांची पद्धत त्याच्या अंगात मुरलेली होती. ज्या मुलाला हे मिळाले त्याच्या चाहत्यांनी, ज्याला मिळाले नाही त्याला 'दम नाही' म्हणायचे?

वायकिंग्जवाल्यापुढे मी क्वार्टरबॅक सॅम डार्नॉल्डचे नाव घेतले की तो गप्प होतो. 2018 मध्ये न्यूयॉर्क जेट्स संघाने तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला हा मुलगा न्यूयॉर्कमध्ये वाया गेला असे सगळे म्हणत होते. 2024 मध्ये मिनेसोटात त्याने 14 सामने जिंकून दिले. तरीही मिनेसोटाच्या कचेरीने त्याला जाऊ दिले, आणि पुढच्याच मोसमात सिएटलने त्याला घेऊन सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा सामना, जिंकला. त्याच 2018 चा पहिला क्रमांक बेकर मेफील्ड. क्लीव्हलँडने त्याला बाजूला सारून डेशॉन वॉटसन या दुसऱ्या क्वार्टरबॅकसाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि 23 कोटी डॉलरची हमी मोजली. मेफील्ड टाम्पाला गेला आणि 2024 मध्ये त्याने 41 टचडाउन, म्हणजे थेट गुण देणारे पास, फेकले.

नागपूरकराला हे अवघड जाऊ नये. विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळतो. कितीतरी वर्षे आमच्या पोरांना बाहेरचे लोक 'सोपा गट' म्हणून मोजत, आणि आम्हीही कट्ट्यावर बसून म्हणायचो, आपल्यात कुवतच नाही. मग 2017-18 मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले, वसीम जाफर ड्रेसिंग रूममध्ये होता, फैज फजल कर्णधार राहिला, आणि इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भ पहिल्यांदा विजेता झाला. अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी परग्रहावरून आला नव्हता. पुढच्या वर्षी सौराष्ट्राला हरवून पुन्हा जिंकलो. 2024-25 मध्ये अक्षय वाडकरच्या नेतृत्वाखाली तिसऱ्यांदा. त्या मोसमात हर्ष दुबेने 69 बळी घेतले, रणजीच्या एका मोसमात एवढे आजवर कुणी घेतले नव्हते. अकादमीत वाढवलेल्या पोरांना वेळ दिला, विश्वास दिला, त्यांच्यामागे तेच तेच शिकवणारी माणसे ठेवली. ही कुवत काही वर्षांत जमिनीतून उगवली का? ती होतीच, कारभार बदलला.

मी स्वतः एका शाळेच्या व्यवस्थापनाच्या हाताखाली नोकरी केली आहे. एक उपांत्य सामना हरलो की कर्णधार बदला म्हणून चिठ्ठी यायची. आठवीतला एक चढाईपटू होता, बोनस रेषेवर पाय टेकवण्याचे त्याचे कसब मी पुढे कुणात पाहिले नाही. दोन हरलेल्या सामन्यांनंतर त्याला बसवायला लावले. तो दहावीपर्यंत मैदानाकडे फिरकला नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्यांना कुणीही जाब विचारला नाही, आणि शाळेच्या फळ्यावर पराभवाखाली नाव राहिले ते त्या पोराचे.

म्हणून आपल्याला कळकळीची विनंती आहे. अमेरिकन फुटबॉलच्या बातम्या बंद करू नका, उलट सप्टेंबरमध्ये मोसम सुरू झाला की वाढवा. आमच्या मजल्यावरच्या मुलांसारखी कितीतरी मुले या शहरात त्या वाचतील. फक्त क्वार्टरबॅकच्या आकड्यांशेजारी एक ओळ आणखी छापा: त्याच्या आक्रमणाचा प्रशिक्षक कोण आहे आणि तो कधीपासून आहे, पुढची पाच जणांची फळी गेल्या वर्षीचीच आहे की नवी, आणि त्याला निवडणारा जनरल मॅनेजर अजून जागेवर आहे का. ही माहिती शोधायला काहीच अवघड नाही, संघ ती स्वतःच जाहीर करतात. आणि बेअर्सचा पुढचा सामना आमच्याशी असेल तेव्हा त्यांच्या बचावाला, त्यांच्या कचेरीला, त्यांच्या स्टेडियमच्या घोळाला हवे ते लिहा, मी आनंदाने वाचीन. त्या मुलाला मात्र नशिबाने जिंकला असे लिहू नका.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
प्रतापनगर, नागपूर