क्षमा आमची, पंचनामा तुमचा : गृहमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम सलाम.

आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं एकमेकांना 'सलाम' म्हणतो. नगर-पुण्याकडची जुनी पद्धत आहे. हल्ली तो शब्द ऐकून समोरचा जरा दचकतो, म्हणून आधीच सांगून टाकलं.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी, शहराच्या पूर्वेकडच्या एका वस्तीत, आमच्या मंडळीतल्या एका बाईंच्या घरी प्रार्थना होती. दोन खोल्यांचं घर. आम्ही चौदा जण, त्यांत चार मुलं. एक पेटी, एक ढोलकी. नारायण वामन टिळकांचं एक भजन संपत आलं होतं, तेवढ्यात दारात वीस-पंचवीस पोरं येऊन उभी राहिली. 'धर्मांतर चाललंय' म्हणाली. 'किती पैसे मिळाले?' असं त्यांनी ज्या बाईंना विचारलं, त्यांचं पोळी-भाकरी केंद्र आहे. त्या पहाटे चार वाजता उठतात आणि दिवसाला दीडशे-दोनशे भाकऱ्या थापतात. पैसे कसे मिळतात हे त्यांच्याइतकं नीट त्या गल्लीत कोणी सांगू शकणार नाही. कोणीतरी पेटी उचलून ओट्यावरून खाली फेकली. बाकीचे मोबाईलवर चित्रण करत होते.

मग पोलीस आले आणि चौकीत कोणाला नेलं, तर आम्हाला. आमची नावं, पत्ते, आधार कार्डांचे फोटो, सगळं घेतलं. आलेली पोरं बाहेर टपरीवर चहा पीत उभी होती. मी म्हणालो, मला तक्रार द्यायची आहे. समोरचे अधिकारी काही वाईट माणूस नव्हते. मुलांना त्यांनी आपणहून पाणी दिलं, बसायला बाक दिलं. पण ते हसून म्हणाले, "सर, तुमचा येशू तर दुसरा गाल पुढे करा म्हणतो ना? मग तक्रार कशाला? सोडून द्या."

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. पस्तीस वर्षं मराठी शिकवली, तरी ऐन वेळी शब्द सापडला नाही. घरी आल्यावर सापडला, पण तोवर रात्रीचे साडेअकरा झाले होते. म्हणून आता तुम्हाला लिहितो, कारण ते अधिकारी तुमच्या खात्याचे आहेत आणि ते वाक्य मी त्यानंतर आणखी दोन ठिकाणच्या पाळकांकडून, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडून, ऐकलं. त्यांनाही चौकीत तेच सांगण्यात आलं होतं.

दुसरा गाल पुढे करायला प्रभूने सांगितलं, हे खरंच आहे. पण तो शब्द ज्याला चपराक बसली त्याला उद्देशून आहे. बाजूला उभं राहून बघणाऱ्याला तो नाही, आणि बघण्याचा पगार घेणाऱ्याला तर नाहीच नाही. शिवाय ज्याने तो शब्द दिला त्याला स्वतःला चपराक बसली तेव्हा काय झालं, तेही शुभवर्तमानात लिहिलेलं आहे. अटकेच्या रात्री माजी महायाजक हन्ना याच्यासमोर चौकशी चालू असताना एका शिपायाने येशूच्या थोबाडीत मारली. येशूने उलट हात उचलला नाही, पण तो गप्पही बसला नाही. माझं बोलणं चुकलं असेल तर काय चुकलं ते दाखव, आणि चुकलं नसेल तर मला का मारतोस, असं त्याने त्या शिपायाला विचारलं. योहानाच्या अठराव्या अध्यायात हे आहे. पुढे फिलिप्पै शहरात येशूचा संदेश सांगणाऱ्या पौल आणि सीला यांना चौकशी न करता भर चौकात फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला की त्यांना गुपचूप सोडून द्या. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, उघड्यावर मारलंत, आता चोरून बाहेर काढता? स्वतः या आणि आम्हाला बाहेर न्या. आणि ते आले, महोदय. रात्री तुरुंगात याच दोघांनी गाणी म्हटली होती. गाणी म्हणणं आणि जाब विचारणं यांत त्यांना काही विसंगती वाटली नाही.

आता जरा अवघड भागाकडे येतो. दुःखाला अर्थ असतो, असं आम्ही मानतो. आमच्या श्रद्धेच्या मधोमध एक वधस्तंभ आहे, म्हणजे सरकारी हुकुमाने झालेला मृत्युदंड. आरोपी निर्दोष आहे हे हुकूम देणाऱ्या पिलाताला, रोमच्या सुभेदाराला, माहीत होतं. त्याने पाणी मागवलं आणि सर्वांदेखत हात धुतले. त्या मरणातून देवाने जगाचं तारण साधलं असं आम्ही म्हणतो. पण म्हणून पिलाताने बरोबर केलं, असं दोन हजार वर्षांत आमच्या कुठल्याही मंडळीने म्हटलेलं नाही. उलट दर रविवारी ज्या देवळांत प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची जुनी कबुली, म्हणतात, तिथे येशूने त्याच्या अमलाखाली दुःख भोगलं असं त्याचं नाव घेऊन म्हणतात. एका सुभेदाराची इतकी उजळणी दुसऱ्या कुठल्या धर्मात होत असेल असं वाटत नाही.

अर्थ कोणी लावायचा, हा माझा खरा मुद्दा आहे. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं, त्या गोष्टीत त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तेवढंच त्यांनी चांगलं केलं. मग त्यांनी तोंड उघडलं, त्याच्या दुःखाचा अर्थ त्यालाच समजावून सांगू लागले, आणि शेवटी देव त्यांच्यावर चिडला. माझी बायको आजारी असताना घरी येऊन 'देवाची काहीतरी योजना असेल' म्हणणारे किती तरी भेटले. त्यांच्यातले निम्मे आमच्याच देवळातले. तेव्हापासून दुसऱ्याच्या दुःखाला अर्थ लावणाऱ्या माणसापासून मी चार हात लांब राहतो. ज्याला लागलं त्याने आतून, हळूहळू, जमलं तर तो अर्थ शोधायचा असतो. चौकीच्या टेबलावरून तो वाटता येत नाही.

आमच्या पुण्यात हे ज्यांनी आतून शोधलं त्या पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. विधवा मुलींच्या शिक्षणासाठी मुंबईत काढलेलं शारदासदन १८९० मध्ये त्यांनी पुण्यात आणलं. तीन वर्षांत धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठलं, वर्तमानपत्रांनी झोडपलं, पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांनी पूर्वी स्वागत केलं होतं त्यांनीच पाठ फिरवली. दुसरं कोणी असतं तर पुणं सोडून परदेशी निघून गेलं असतं. त्या गेल्या केडगावला, पुणे जिल्ह्यातच, आणि दुष्काळातल्या मुली गोळा करत बसल्या. आई, वडील, बहीण त्यांनी तरुणपणी दुष्काळाच्या दिवसांतच गमावली होती. भूक काय असते हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. दुष्काळाने त्यांना जे शिकवलं ते केडगावच्या मुक्तिसदनात भाताच्या पातेल्यांतून बाहेर आलं. दुःखाचा अर्थ म्हणतात तो मला तिथे दिसतो, प्रवचनांत कमी दिसतो. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, आणि त्या दिवसांतही मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं काम त्यांच्या हातात होतं.

पण रमाबाई मुकाट सोसणाऱ्यांतल्या नव्हत्या. १८९७ मध्ये प्लेगच्या निमित्ताने सरकारी यंत्रणेने पुण्यात बायकांना जी वागणूक दिली, तिच्याबद्दल त्यांनी जाहीरपणे लिहिलं, आणि सरकार तर त्यांच्याच धर्माच्या लोकांचं होतं.

आमच्या बाजूचं नको ते झाकून ठेवलं तर हे पत्र खोटं होईल, म्हणून तेही लिहितो. आमच्यांतही अतिरेकी आहेत. भर वस्तीत रात्री दहापर्यंत लाऊडस्पीकर लावून रोग बरे करण्याच्या घोषणा करणारे आहेत, शेजाऱ्याच्या देवाबद्दल वाटेल ते बोलणारे आहेत. मग शेजारी चिडला की हे म्हणतात, 'आमचा छळ होतोय.' येशूचा शिष्य पेत्र याने त्याच्या पहिल्या पत्रात याचा बंदोबस्त करून ठेवलाय : खुनी, चोर किंवा लोकांच्या कामात नाक खुपसणारा म्हणून कोणाला मार खायची पाळी येऊ देऊ नका, ख्रिस्ती म्हणून आली तर मात्र लाजू नका. नाक खुपसणाऱ्याला त्याने खुन्याच्या रांगेत बसवलंय, हे आमच्या काही भावांना मी मुद्दाम वाचून दाखवतो. लोभ किंवा धाक दाखवून कोणी कोणाचा धर्म बदलत असेल तर त्याला जरूर पकडा. पण भजनाच्या पेटीला पकडू नका.

पुण्याला हा विषय नवा नाही. क्वार्टर गेटच्या सिटी चर्चची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये दिली, त्यांच्याच फौजेतल्या कॅथलिक शिपायांसाठी. 'तुम्ही कुठून आलात' असं आम्हाला विचारणाऱ्या पोरांना मी एकदा तिथे फिरवून आणणार आहे, चहा माझ्याकडून. चहावरून आठवलं : १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये पाद्र्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासकट किती तरी मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं होतं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कपाची ही किंमत. आणि त्याही आधी, आळंदीच्या चार भावंडांना पैठणच्या पंडितांकडे शुद्धिपत्र मागायला जावं लागलं होतंच. धर्म बदलायचा तर जिल्हाधिकाऱ्याला आगाऊ कळवा, असे कायदे काही राज्यांनी केलेत. ते वाचताना मला पैठण आठवतं. त्या भावंडांपैकी ज्ञानेश्वरांनी पुढे पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा तेवढा जावा असं मागितलं. आमच्या प्रभूच्या शिकवणीच्या इतकं जवळ जाणारं मागणं मला मराठीत दुसरं आढळलेलं नाही, आणि ते मागणारा माणूस आमच्या गावापासून पंचवीस किलोमीटरवर समाधिस्थ आहे.

आता भाकरीवाल्या बाईंचं. चौकीतून परत येताना रिक्षात त्या मला म्हणाल्या, "सर, पेटी फेकली तो पोरगा मला माहितीये. माझ्याकडनंच भाकऱ्या नेतो." मी विचारलं, मग? म्हणाल्या, "मग काय, माफ केलं. पण पेटीचे पैसे पाहिजेत."

मी आयुष्यभर क्षमेवर पुष्कळ उपदेश ऐकले, दोन-चार केलेही. एवढ्या नेमकेपणाने कोणी बोललेलं नाही. ओडिशात १९९९ च्या जानेवारीत ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जिवंत जाळलं, तेव्हा त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना जाहीर क्षमा केली आणि त्या पुढची काही वर्षं कुष्ठरोग्यांच्या सेवेत तिथेच राहिल्या. खटला मात्र चालला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. त्यांनी माफ केलं म्हणून न्यायालयाने फाईल बंद केली नाही. दोन वेगळी खाती आहेत ती. क्षमेचं खातं आमच्याकडे, पंचनाम्याचं तुमच्याकडे. आमच्या खात्यातून उचल करून तुम्ही तुमचं भागवता, ही माझी तक्रार आहे.

म्हणून मागणं साधं आहे. शांतपणे चाललेल्या उपासनेत मुद्दाम अडथळा आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे. तो कुठल्याही धर्माच्या उपासनेला लागू होतो. उद्या कोणी काकड आरती बंद पाडली तरी हेच कलम लागेल, आणि लागलंच पाहिजे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. जमावाची हिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक नोडल अधिकारी नेमा, असं २०१८ मध्ये सांगितलं. पुण्याचे ते अधिकारी कोण, त्यांचा फोन कोणता, हे प्रत्येक चौकीच्या फलकावर लिहा. आणि तुमच्या बाजूचे लोक जाहीर सभेत काय बोलतात तेही ऐका. जून २०२५ मध्ये सांगलीत एका आमदारांनी पाद्र्यांना चोप देणाऱ्यांना लाखांची बक्षिसं जाहीर केली. त्या आकड्यांचा गल्लीतल्या बेकार पोरावर काय परिणाम होतो, हे कोणी विचारत नाही. पेटी फेकणारा पोरगा माझ्या मते गुन्हेगार आहे, पण त्या गुन्ह्यात तो धाकटा भागीदार आहे.

तो पोरगा महिनाभर भाकऱ्या न्यायला आला नाही. मग एके दिवशी त्याची आई आली. आठ भाकऱ्या घेतल्या. दोघींपैकी कोणीच विषय काढला नाही. बाईंनी पुडीत थोडा ठेचा जास्त घातला, असं त्यांची नात सांगते. बाई कबूल करत नाहीत. पैसे मात्र आठ भाकऱ्यांचे पुरे घेतले.

पेटी आम्ही दुरुस्त करून आणली. भाता नवा घातला, तरी एक काळी पट्टी दाबली की दाबलेलीच राहते, बोटाने वर उचलावी लागते. येत्या शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता त्याच घरी प्रार्थना आहे. चौकीला तसं लेखी कळवलं आहे. पोच अजून मिळालेली नाही.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक
क्वार्टर गेटजवळ, पुणे