लिंबाचा रस उकळू नका, गोठवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत लिंबू-संत्र्यांचा रस टिकवण्याच्या कृती आल्या होत्या. एकीत रस उकळून आटवायला सांगितले आहे, दुसरीत ‘चिमूटभर प्रिझर्व्हेटिव्ह’ घालायला. दोन्ही गोष्टी खटकल्या, म्हणून हे पत्र.

उकळल्याने रस टिकतो, पण त्याचा ताजा वास जातो आणि क जीवनसत्त्वही बरेच घटते. जेम्स लिंड या डॉक्टरने १७४७ मध्ये जहाजावरच्या स्कर्व्हीच्या, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराच्या, रुग्णांना संत्री-लिंबे देऊन बरे केले. पुढे लांबच्या प्रवासासाठी रस आटवून ठेवण्याची रीतही त्यानेच सुचवली, आणि त्या आटीव रसात तो गुण फारसा उरलाच नाही. तीच कृती आजही छापली जावी, याचे वाईट वाटते.

प्रिझर्व्हेटिव्हचा मुद्दा मला जास्त जवळचा आहे, कारण माझ्या मुलीला दमा आहे. अशा रसात बहुधा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात. त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि दमा असलेल्या काही जणांना त्याने धाप लागते. लिटरभर रसाला ते साधारण अर्धा-पाऊण ग्रॅम पुरते. चिमटीत नेमके किती आले, हे स्वयंपाकघरातल्या काट्यालाही नीट कळणार नाही. मग मोघम लिहायचे कशाला?

घरी फ्रीजर असेल तर यातले काहीच लागत नाही. रस काढला की लगेच गाळावा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये ओतावा. गोठताना तो फुगतो, म्हणून कप्पे काठोकाठ भरू नयेत. घट्ट झालेल्या वड्या पिशवीत भराव्यात, पिशवीतली हवा दाबून काढावी आणि वर तारीख लिहावी. लागेल तेवढीच वडी काढायची, बाकीच्या गोठलेल्याच राहतात. तांब्या-पितळेच्या भांड्यात रस मुळीच ठेवू नये. आम्लाने धातू रसात उतरतो, शिवाय तांब्यामुळे क जीवनसत्त्व लवकर नासते.

मोसंबी आणि काही जातींची संत्री मात्र नाजूक. काढताना गोड लागलेला रस काही तासांत कडवट होतो, तेव्हा तो नासला असे समजून पुष्कळ जण ओतून देतात. सालीखालच्या पांढऱ्या भागातला आणि बियांतला एक घटक आंबट रसात मिसळला की त्याचे हळूहळू लिमोनिन बनते, हा कडूपणा त्याचा. म्हणून फोडी बियांसकट मिक्सरमध्ये फिरवू नयेत, साल रगडून शेवटचा थेंब काढू नये. फ्रीजमध्ये हा रस झाकून ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा.

पुरवणीच्या पुढच्या अंकात प्रिझर्व्हेटिव्हचे नाव, त्याचे ग्रॅममधले प्रमाण आणि दमेकऱ्यांसाठी सूचना ठळक छापावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक