लस होती, पोहोचवणारं कोणी नव्हतं

मा. संपादक,
स. न.

लसीकरणाच्या इतिहासावरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. पण इंग्लंडमधला घटसर्प (डिप्थेरिया) केवळ लस सापडल्यामुळे गेला, असा त्याचा सूर आहे. नोकरीभर लसी टोचत फिरलेल्या माझ्यासारखीला तो मान्य होण्यासारखा नाही.

घटसर्पाच्या लशीवरचं महत्त्वाचं काम लंडनजवळच, वेलकम प्रयोगशाळेत संशोधक ग्लेनी यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला केलं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये रामाँ यांनीही. न्यूयॉर्क आणि टोरांटोच्या मुलांना लस मिळू लागली. इंग्लंडात मात्र ती द्यायची की नाही हे एकेका बरोच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, मर्जीवर आणि तिजोरीवर सोडलेलं होतं. परिणामी 1930 च्या दशकातही इंग्लंड आणि वेल्समध्ये दरवर्षी सुमारे 3 हजार जीव जात राहिले, बहुतेक मुलांचे. घशात पडदा धरायचा आणि श्वास कोंडायचा. मूल संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात गेलं की आईबापांना सहसा आत सोडत नसत. खिडकीच्या काचेतून बघायचं, नाहीतर गावच्या वर्तमानपत्रात आपल्या मुलाच्या नंबरापुढे आज काय छापलंय ते शोधायचं. लस कपाटात असताना हे चाललं होतं, याचा मला आजही संताप येतो.

1940 च्या अखेरीस सरकारने बरोंना लस मोफत पुरवायला सुरुवात केली. त्या वर्षी रुग्ण 46 हजारांवर होते आणि मृत्यू सुमारे अडीच हजार. 1950 मध्ये रुग्ण हजाराच्या आत आणि मृत्यू पन्नासच्या आत आले. मधली निम्मी वर्षं तर युद्धाची! बॉम्बने पडलेली घरं, निवाऱ्यांतली दाटी, रेशनचं अन्न. राहणीमान सुधारलं म्हणून रोग हटला, असं इथे म्हणताच येणार नाही.

मग हे केलं कोणी? प्रत्येक बरोला एक आरोग्य अधिकारी असे. जन्माची खबर 36 तासांत त्याच्याकडे पोहोचवणं 1915 पासून सगळीकडे सक्तीचं होतं. ती यादी घेऊन आरोग्यसेविका घरोघर जायच्या. घटसर्पाची लस सक्तीची नव्हती आणि देवीची सक्तीही 1948 मध्ये उठली, त्यामुळे आयांना समजावणं हाच मार्ग. कित्येक ठिकाणी मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला कार्ड जायचं, लशीची आठवण करून देणारं. लंडनच्या बर्मंड्सी बरोने तर युद्धाआधीच गाडीवर पडदा लावून गल्लीबोळांत आरोग्याचे चित्रपट दाखवले होते.

ही वाट सरळ नव्हती. 1950 च्या सुमारास, पोलिओच्या साथीत इंजेक्शन दिलेल्या हातापायालाच कधीकधी लुळेपणा येतो, असं दिसून आलं. अनेक ठिकाणी उन्हाळ्यात घटसर्पाची लस थांबवावी लागली, लसीकरणाचे आकडे घसरले, आणि आयांचा विश्वास पुन्हा मिळवावा लागला. पोलिओची लस 1956 मध्ये आली, पुढे तरुणांनाही खुली झाली, पण तरुण फिरकेनात. त्यांच्या दारी जाणारं कोण होतं? एप्रिल 1959 मध्ये इंग्लंडचा फुटबॉलपटू जेफ हॉल 29 व्या वर्षी पोलिओने गेला, तेव्हा कुठे केंद्रांवर रांगा लागल्या.

2022 मध्ये मुंबईत गोवंडीला गोवराने मुलं दगावली. लस तेव्हाही होती, डोस राहून गेले होते.

लंडनच्या बरोंचे 1848 ते 1972 पर्यंतचे आरोग्य अहवाल वेलकम ग्रंथालयाने सर्वांसाठी खुले केले आहेत. पुढच्या लेखात एखाद्या बरोचे 1940 ते 1950 चे तक्ते शेजारी शेजारी छापावेत आणि आपल्या महापालिकांकडे प्रभागवार असेच तक्ते दरवर्षी मागावेत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, सातारा