बारा शब्दांची झेरॉक्स काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्रिप्टोत कुणाचे तरी पैसे गेल्याची बातमी आपल्या पानावर आता अधूनमधून असतेच. आकडा असतो, 'अज्ञाताविरुद्ध गुन्हा' असतो, शेवटी 'नागरिकांनी सतर्क राहावे' असतं. पैसे नेमके कोणत्या क्षणी हातातून गेले, ते मात्र नसतं. परशुराम घाटात गाडी उलटली तर कोणत्या वळणावर उलटली ते तुम्ही छापता, म्हणून पुढचा तिथे वेग कमी करतो. इथेही तेवढीच एक ओळ हवी. त्या माणसाने क्रिप्टोच्या वॉलेटचे बारा गुप्त शब्द कुणाला दिले, पैसे चुकीच्या पत्त्यावर पाठवले, की न वाचता मंजुरीचं बटण दाबलं? माझ्या पाहण्यातली प्रकरणं या तिनांतच बसली. 'हाव नडली' एवढं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही.

मी शृंगारतळीला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मांचं दुकान चालवतो. आमच्याकडे घराआड कुणीतरी जहाजावर नाहीतर आखातात. त्यातल्या बऱ्याच तरुणांच्या फोनमध्ये मल्टीचेन वॉलेट असतं. एकाच ॲपमध्ये बिटकॉइन, इथेरियम, ट्रॉन, बीएनबी, पॉलिगॉन, सगळं. क्रिप्टो घ्यावी की नाही यावर मी वाद घालत नाही. ज्यांनी घेतलीय ते माझं ऐकून विकणार नाहीत.

पावसाळ्याच्या तोंडावर एक काकी दुकानात आल्या. वहीचा फाडलेला कागद, त्यावर बॉलपेनने नंबर घालून एकाखाली एक बारा इंग्रजी शब्द. म्हणाल्या, "मुलगा बोटीवरून बोलला, पावसात कागद खराब होईल, दोन झेरॉक्स काढ नि लॅमिनेशन करून ठेव." मी कागद पालथा घातला आणि म्हटलं, "काकी, हा मलाही दाखवायचा नव्हता तुम्ही." त्यांना वाटलं मशीन बिघडलंय. मग स्टूल दिलं, चहा सांगितला आणि समजावत बसलो.

त्यांना सांगितलं तेच इथे लिहितो. वॉलेटमध्ये नाणी नसतात. ती त्या त्या नेटवर्कच्या सार्वजनिक वहीत नोंदलेली असतात. वॉलेटकडे असते सही करायची किल्ली, आणि ॲपमधल्या सगळ्या नेटवर्कच्या किल्ल्या त्याच बारा शब्दांतून निघतात. काही वॉलेटांत शब्द चोवीस असतात. पिन आणि बोटाचा ठसा फक्त त्या फोनवरचं ॲप उघडतात. ज्याला शब्द मिळाले त्याला ना तुमचा फोन लागतो, ना पिन. तो दुसऱ्या गावात बसून तेच शब्द टाकतो आणि पाचही नेटवर्कवरचं एका दमात उचलतो. मल्टीचेनची सोय ती हीच आणि धोकाही हाच. शब्द फुटल्याचा संशय आला की पिन बदलून उपयोग नाही. नवीन शब्दांचं नवीन वॉलेट काढून सगळं तिकडे हलवायचं, त्याच दिवशी.

झेरॉक्स नको, कारण मोठ्या डिजिटल मशीनच्या हार्डडिस्कमध्ये प्रत राहू शकते. मोबाइलने फोटो तर मुळीच नको. तो आपोआप क्लाउडवर चढू शकतो. शिवाय २०२५च्या फेब्रुवारीत कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने 'स्पार्ककॅट' नावाची लबाडी उघड केली. गुगल आणि ॲपल या दोघांच्याही दुकानांतल्या काही ॲपमध्ये ती दडलेली होती आणि गॅलरीतल्या फोटोंतली अक्षरं वाचून हेच शब्द शोधत होती.

मग कोकणातल्या पावसात ठेवायचं कशावर? कागदाला बुरशी येते, वाळवी लागते. २२ जुलै २०२१ला चिपळुणात लोकांच्या कपाटांतल्या कागदांचं काय झालं ते आपणच छापलंय. त्याच्या आदल्या वर्षी निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे किती दिवस वीज नव्हती, तेही, म्हणजे फोनच्या भरवशावरही राहता येत नाही. तेव्हा स्टीलचा पत्रा घ्यावा आणि अक्षरांचे ठसे हातोडीने ठोकून शब्द उमटवावेत. यादी ठरलेल्या २०४८ शब्दांची आहे आणि त्यात पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो, त्यामुळे चारच अक्षरं ठोकली तरी चालतं. भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडे मात्र हे काम नेऊ नका. त्याच्यावर माझा राग नाही, पण तो बारा शब्द वाचणारच ना! असे दोन पत्रे करून दोन वेगळ्या घरांत ठेवावेत.

आता पत्त्यांची भानगड. पत्ता म्हणजे खाते क्रमांकासारखी अक्षर-आकड्यांची लांब ओळ. इथेरियम, बीएनबी आणि पॉलिगॉन या तिन्हींवर तुमचा पत्ता एकच असतो, शून्य-एक्सने सुरू होणारा. ट्रॉनचा टीने सुरू होतो. युएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं (टोकन), मात्र यांतल्या अनेक नेटवर्कवर चालतं. स्वतःच्याच वॉलेटच्या पत्त्यावर इथेरियमऐवजी बीएनबीवरून पाठवलं, तर घाबरू नका. ॲपमध्ये नेटवर्क बदलून बघा, ते तिथेच असतं. पण एक्सचेंजच्या, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीच्या, पत्त्यावर, त्यांना चालत नसलेल्या नेटवर्कवरून पाठवलं तर ते अडकतं आणि परत मिळणं त्यांच्या मर्जीवर. रक्कम मोठी असेल तर आधी चार-पाच डॉलरचं पाठवून ते पोहोचलं का बघावं. फी दोनदा जाते, जाऊ द्या.

फी ही त्या नेटवर्कच्या स्वतःच्या नाण्यात द्यायची असते, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. ट्रॉनवर पाचशे युएसडीटी आहेत आणि ट्रॉनचं स्वतःचं नाणं टीआरएक्स शून्य, मग पैसे हलत नाहीत. मुलगा टेलिग्रामवर विचारायला जातो आणि पाच मिनिटांत 'सपोर्ट टीम' हजर. तिला हवे असतात बारा शब्द. याचंच उलटं सोंगही असतं. कुणीतरी भोळेपणाचा आव आणून स्वतःचे बारा शब्द उघड्यावर टाकतो, 'माझं युएसडीटी निघत नाही, मदत करा.' तुम्ही शब्द टाकून बघता तर खरोखर शिल्लक दिसते, फक्त फीपुरतं टीआरएक्स नसतं. तुम्ही आपलं टीआरएक्स घालता आणि तेच गायब होतं. त्या खात्यावर सही करायचा अधिकार आधीच दुसऱ्या किल्लीकडे दिलेला असतो. इथे मात्र हाव नडली असंच मी म्हणेन.

जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता कॉपी करायची सवय सगळ्यांना असते, मलाही आहे. चोर तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखाच दिसणारा पत्ता बनवतात, पहिली चार-पाच आणि शेवटची चार-पाच अक्षरं जुळणारा, आणि त्यावरून शून्य रकमेचा व्यवहार तुमच्या यादीत टाकून ठेवतात. मे २०२४मध्ये एकाने असाच पत्ता उचलून सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर पाठवले. पुढे ते परत मिळाले, पण तसं नशीब कुणाचं असतं? मधली अक्षरंही ताडून बघा, नाहीतर ॲपच्या पत्तावहीत नाव घालून ठेवा.

तिसरं म्हणजे मंजुरी. वॉलेटमध्ये फुकटचं टोकन येऊन पडतं, नावातच वेबसाइट असते. तिथे जोडलं की ती 'अप्रूव्ह' मागते आणि बहुतेक वेळा अमर्याद रकमेचं. ते दिलं की चोराला तुमचे शब्द लागतच नाहीत, ते टोकन तो हवं तेव्हा काढू शकतो. साइट 'डिस्कनेक्ट' केल्याने दिलेली मंजुरी जात नाही. ती वेगळी रद्द करावी लागते आणि प्रत्येक नेटवर्कवर वेगळी. पॉलिगॉनवर रद्द केली म्हणून बीएनबीवरची गेली असं होत नाही. न वाचता सही करणं मोठ्यांनाही भोवलंय. फेब्रुवारी २०२५मध्ये बायबिट एक्सचेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलर गेले, तेव्हा सही करणाऱ्यांच्या स्क्रीनवर एक व्यवहार दिसत होता आणि सही भलत्याच व्यवहारावर होत होती.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं, दोन वॉलेट ठेवा आणि दोन्हींचे बारा शब्द वेगळे असू द्या. एकाच वॉलेटमध्ये 'अकाउंट दोन' काढलं तर शब्द तेच राहतात, ते फुटले तर दोन्ही अकाउंट जातात. साठवणीचं वॉलेट कुठल्याही साइटला जोडू नका. रक्कम मोठी असेल तर हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली फोनबाहेर सांभाळणारं छोटं यंत्र, घ्या, पण थेट कंपनीकडूनच. शब्द आधीच छापून आलेलं मिळालं तर ते चोराचं समजा.

कराबद्दल आपले सीए लेखक लिहितातच, तेव्हा एवढंच: एक टोकन देऊन दुसरं घेतलं तरी ती विक्रीच धरली जाते आणि नफ्यावर ३० टक्के लागतात. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, जवळ ठेवा. 'रिकव्हरी करून देतो' म्हणणारा भेटला तर तो दुसरा चोर.

काकींचं काम तसं अर्धवटच राहिलं. त्यांनी मला विचारलं, "पोराचं काही बरंवाईट झालं तर हे आम्हाला मिळणार कसं?" बँकेत वारस लावता येतो, पतसंस्थेतही लावता येतो. इथे असा वारसाचा रकानाच नाही. शब्द आहेत त्याचं ते वॉलेट. तेव्हा गणपतीला घरी येणाऱ्या पोरांनी आईला किंवा बायकोला शेजारी बसवून पत्रा कुठे आहे, कोणतं ॲप आहे आणि कुणाला विचारायचं, हे दाखवावं. व्हॉट्सॲपवर नको, समोरासमोर.

आपला नियमित वाचक,
एक सेवा केंद्र चालक,
शृंगारतळी, ता. गुहागर, जि. रत्नागिरी