लंडनच्या शेवटच्या दिवशी बाबासाहेबांचे घर दाखवा

महोदय,

उन्हाळी सहलींची नोंदणी सुरू झाली आहे, म्हणून हे पत्र. आमची युरोप सहल लंडनला संपली. छापील कार्यक्रमात शेवटच्या दिवसापुढे लिहिले होते : नाश्ता, चेकआउट, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर खरेदीसाठी मोकळा वेळ, मग हीथ्रो. नातवंडांसाठी चॉकलेटे सगळ्यांनाच घ्यायची असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याला अख्खा दिवस कशाला लागतो?

आदल्या रात्री मी टूर मॅनेजरना विचारले, "उद्या आंबेडकरांचे घर बघता येईल का?" त्यांनी अडवले नाही, पण ते घर कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हते. आणि गट तर सगळा मराठी!

आम्ही काही जण आपले आपण गेलो. टॉटनहॅम कोर्ट रोडहून नॉर्दर्न लाइनने चॉक फार्म, पुढे थोडे चालणे. १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथे राहिल्याची निळी गोल पाटी भिंतीवर आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ही वास्तू विकत घेतली, म्हणजे ती तुमच्या-माझ्या पैशांची आहे. आमच्याबरोबरच्या कराडच्या काकूंनी चपला दारातच काढल्या. त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मी साताऱ्यात इतिहास शिकवला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव इथल्या सरकारी हायस्कूलच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या पटावर लागले. तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तो विद्यार्थी १९१६ मध्ये लंडनला पोहोचला, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि पुढच्याच वर्षी शिक्षण अर्धवट टाकून त्याला परतावे लागले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, तेव्हा १९२० मध्ये पुन्हा जाता आले. पुढे एम.एस्सी., बॅरिस्टर आणि रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला १९२३ मध्ये डी.एस्सी. ब्रिटिश म्युझियमच्या ज्या वाचनालयात ते दिवसदिवस वाचत बसत, ते ऑक्सफर्ड स्ट्रीटपासून चालत जाण्याइतके जवळ आहे. आमच्या बसमध्ये हे कोणी सांगितले नाही.

हीथ्रोच्या वाटेवर बाकीचे विचारू लागले, "आम्हाला का नाही सांगितलंत? आम्हीही आलो असतो."

एक काळजी मात्र घ्यायला हवी. ही शांत निवासी वस्ती आहे. शेजाऱ्यांच्या हरकतींमुळे या घराचे स्मारक करण्याचे प्रकरण सार्वजनिक चौकशीपर्यंत गेले आणि परवानगी २०२० मध्ये मिळाली. त्यामुळे मोठी बस दारापर्यंत नेऊ नये. लांब उतरून लहान गटांनी पायी जावे, गोंगाट करू नये. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले ते १०, हौली प्लेसचे घर खासगी आहे. तिथली पाटी बाहेरूनच पाहावी.

सहल कंपन्यांनी उघडण्याच्या वेळा आधी विचारून ही भेट छापील कार्यक्रमातच घालावी. राज्य शासनाने पत्ता, वेळा आणि रस्ता सांगणारे मराठी पत्रक त्यांना द्यावे. आणि यंदा लंडनला निघालेल्या वाचकांनी सहलीपूर्वीच्या बैठकीत, व्हिसाच्या कागदांबरोबरच, शेवटच्या दिवसाबद्दल विचारावे. पैसे भरण्याआधी विचारले तर कार्यक्रम बदलून मिळू शकतो.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा