एसओपी वाचल्यावर

रत्नागिरी, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

सायकॉलॉजीच्या एम.ए.च्या अर्जाला जोडायचा तुझा एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं निवेदन, रात्रपाळीला निवांत वाचला. इंग्रजी तुझं माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं, त्यात मी पडत नाही. सकाळी बाबांनाही मराठीत सांगत सांगत वाचून दाखवला. त्यांना फार आवडला. पहिल्या परिच्छेदाला तर त्यांचे डोळेच भरून आले. माझ्या मते नेमका तोच परिच्छेद काढून टाकायला हवा.

फुगून बसू नकोस, पुढचं वाच.

तो परिच्छेद मामाचा आहे. त्याचं पहिलं आजारपण, आजीने दारं-खिडक्या लावून घेणं, देवऋष्याकडच्या खेपा, मग हॉस्पिटल. खोटं काहीच नाही. पण तेव्हा तू चौथीत होतीस आणि त्यातला बराच काळ आत्याकडे होतीस. जे लिहिलंयस ते आम्ही मोठ्यांनी पुढे कधीतरी तुझ्यासमोर बोललेलं आहे. मामा आज चिपळुणात स्वतःची रिक्षा चालवतो, गोळ्या वेळच्या वेळी घेतो, आणि त्याच्या स्टँडवर कुणाला यातलं अवाक्षर ठाऊक नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा झाला, त्याच्या कलम २३ मध्ये रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क लिहिलाय. तो आम्हा दवाखान्यातल्या माणसांना बांधतो, भाचीला नाही, हे मला कळतं. तरी ज्या कामात शिरायला निघालीस त्या कामाची सवय अर्ज लिहितानाच लावून घेतलेली बरी. फारच वाटत असेल तर मामाला फोन कर, मजकूर वाचून दाखव आणि विचार. तो हो म्हणाला तर माझं काही म्हणणं नाही. माझ्यामार्फत मात्र विचारू नकोस. मी विचारलं की तो नाही म्हणणारच नाही, तुला त्याचा स्वभाव माहीत आहे.

दुसरं कारण व्यवहाराचं. आमच्याकडच्या सायकॉलॉजिस्ट मॅडम एकदोन ठिकाणी निवड समितीवर बसून आल्यात. त्या म्हणतात, घरातल्या आजारपणाने सुरू होणारे अर्ज इतके येतात की पुढे पुढे कोण कुठली तेच लक्षात राहत नाही. मग मुलाखतीत बोट नेमकं तिथेच ठेवलं जातं. "वॉर्डात अगदी तुझ्या मामासारखा पेशंट समोर आला तर?" यावर रडणारी मुलगी त्यांना नको असते, आणि पाठ केलेलं उत्तर देणारी तर त्याहून नको असते.

मग लिहायचं काय? दुसऱ्या पानाच्या तळाशी तू एक ओळ कोंबली आहेस: "लांज्याच्या दिव्यांग शिबिरात स्वयंसेवक." बस, एवढंच. मे महिन्यात त्या शिबिराहून आलीस तेव्हा जेवणं बाजूला ठेवून रात्री किती वेळ बोलत होतीस, आठवतं का? ती बाई, जिला दाखल्यासाठी परत परत यावं लागत होतं, कारण बुद्ध्यांक चाचणीचा रिपोर्ट जोडायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिचा तो मुलगा, जो तुझ्या वहीत रेघोट्या मारत बसला. ते सगळं एसओपीत का नाही? ते तू पाहिलंस, तू केलंस. त्यात रडण्यासारखं काही नाही म्हणून ते कमी प्रतीचं वाटलं का?

यावरून आमच्या ओपीडीतलं एक सांगते. नाव-गाव सांगणार नाही. पुण्याकडची एक ट्रेनी मुलगी होती, हुशार, अक्षर मोत्यासारखं. समोर आठ-नऊ वर्षांचा मुलगा, संगमेश्वराकडच्या कुठल्याशा वाडीतला, बापाबरोबर आलेला. टेबलावर बिने-कामत या बुद्ध्यांक चाचणीची पेटी उघडलेली, कार्डं, मणी, शेजारी स्टॉपवॉच. ही पुस्तकात छापलंय तसं एकेक वाचून विचारतेय आणि तो सदऱ्याचं बटण फिरवत खाली बघतोय. ती शून्य लिहिते, पुढचा प्रश्न. पुन्हा शून्य. (प्रश्न कोणते ते तुलाही सांगत नाही, चाचण्यांमधले प्रश्न बाहेर बोलायचे नसतात.) मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे पेटी मिटायला लावली आणि विचारलं, "हे शून्य त्याला दिलंस की तुला?" मग बापलेकाला चहा-बिस्किटं दिली आणि त्या पोरीला सांगितलं, आता अर्धा तास याच्याशी बोल, चाचणीचं नावही काढू नकोस. थोड्या वेळाने मी इंजेक्शनचा ट्रे घेऊन तिथून गेले तर पोरगा तिला खेकड्याच्या बिळात हात कसा घालायचा ते शिकवत होता. नांगी कुठून धरायची, बिळात खेकडा आहे की साप ते कसं ओळखायचं, सगळं. तिला निम्मे शब्द कळत नव्हते, पण ती विचारत होती आणि तो समजावत होता. चाचणी नंतर पहिल्यापासून रीतसर घेतली आणि उत्तरं आली. किती आली ते महत्त्वाचं नाही, पण निदान ती त्याची होती.

तुझ्या अर्जात "उत्कृष्ट संवादकौशल्य" असं लिहिलंयस. ते सगळेच लिहितात. आजीपाशी वाढल्यामुळे तुला आपली बोली येते, संगमेश्वरी कळते, मालवणीत भांडताही येतं, ते लिही. शिबिरात दोन माणसांच्या मधे बसून एकाचं दुसऱ्याला कळेल असं सांगितलंस, ते लिही.

त्या बिने-कामतवरूनच सांगते, मुलाखतीला उपयोगी पडेल. डॉ. कामतांनी ती १९३४ च्या सुमारास धारवाडला मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. पुढे नागपूरला मालिन यांनी १९६९ साली मुलांची दुसरी चाचणी भारतीय केली, तिला तुम्ही मिसिक म्हणता. दोन्ही अजून वापरात आहेत. इतक्या जुन्या मुलांच्या गुणांवरून आजच्या मुलाचा बुद्ध्यांक काढायचा म्हणजे काय काय चुकू शकतं, हा प्रश्न मॅडम प्रत्येक ट्रेनीला विचारतात. तू आधीच विचार करून ठेव. आणि स्टॅटिस्टिक्स उघडलं की झोप येते म्हणतेस ना, नॉर्म्स, म्हणजे ज्या गुणांशी ताडून बघायचं ते, म्हणजे तेच स्टॅटिस्टिक्स. सकाळचा पहिला तास त्याला दे, रात्री नको.

आता सर्टिफिकेटं. सीव्हीत इंटर्नशिपच्या नावाखाली चार लावल्यास. त्यातल्या तीन ऑनलाइन, पंधरा-पंधरा दिवसांच्या, पैसे भरून. त्यात व्हिडिओ बघितले, क्विझ दिली, पीडीएफ आली. मनू, ती तिन्ही काढ. हल्ली या सर्टिफिकेटांचं दुकानच झालंय, आणि समितीवरच्या माणसांना ते माहीत असतं. कागद भरलेला दिसावा म्हणून लावलेली गोष्ट बाजूच्या खऱ्या कामावरही संशय आणते. आमच्या साहेबांकडून शिफारसपत्र मिळेल का, असंही विचारलंयस. मागितलं तर मिळेल, पण मी मागणार नाही. त्यांनी तुला माझी मुलगी म्हणून पाहिलंय, विद्यार्थिनी म्हणून नाही. ज्या सरांनी तुझा प्रोजेक्ट तीन वेळा परत पाठवला त्यांना विचार. ते कडक लिहितील पण तुझ्याबद्दल लिहितील.

कोर्सचं नीट समजून घे, कारण इथे बऱ्याच मुली फसतात. एम.ए. सायकॉलॉजी झालं म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालं, असं होत नाही. त्या नावाने काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेली पात्रता आणि नोंदणी लागते. नोंदणीशिवाय ते काम केलं तर १९९२ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलंय. आजवरचा रस्ता एम.ए. आणि मग दोन वर्षांचं एम.फिल. असा सरळ होता. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. मोडीत निघालं, यूजीसीने २०२२ मध्ये नियम करून ते बंद केलं, मग जानेवारी २०२४ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क एवढ्याचसाठी २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. म्हणजे तुझ्या सीनिअर्सचा सल्ला तुला जसाच्या तसा लागू नाही. कुठल्याही संस्थेचा फॉर्म भरण्याआधी आरसीआयच्या यादीत त्या कोर्सचं नाव आहे का ते स्वतः बघ आणि नोंदणी कोणत्या पदनामाने मिळणार ते विचार. फोनवरचे "मान्यता येतेच आहे मॅडम" म्हणणारे असतात. त्यांच्याकडे लाखांत फी भरायची आपली ऐपत नाही, आणि असती तरी भरू नये.

देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूटचं तुझ्या मनात पहिल्या नंबरावर आहे, ते मला पटतं. तिथे सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेनंतर त्यांची स्वतःची चाचणी आणि मुलाखत असते, पण हे तपशील बदलत असतात, तेव्हा यंदाचं माहितीपत्रक पहिल्या पानापासून वाच. सीयूईटीत ७५ प्रश्न, बरोबरला चार गुण, चुकीचा एक वजा. तुझी सवय आहे माहीत नसलं तरी ठोकून द्यायची. दोन पर्याय नक्की बाद करता आले तर ठोक, एकही बाद होत नसेल तर सोड. पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठीत नसतो, म्हणून मराठीत वाचलेल्या संज्ञा इंग्रजीतही पक्क्या कर.

एम.ए.नंतर बंगळूर, असं बाबांना म्हणालीस म्हणे. तिथल्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेचं, निम्हान्सचं, नाव काढलंस की मला बरं वाटतं, लपवत नाही. सायकिअ‍ॅट्रिक नर्सिंगचा डिप्लोमा मी तिथेच केला. १९५४ सालची संस्था, निम्हान्स हे नाव १९७४ मध्ये आलं. लायब्ररी, मोठे डॉक्टर, सगळं आहेच. पण वॉर्डात पहिल्या दिवशी मला काहीच बोलता येईना. चार भाषांचे पेशंट आणि मला त्यातली एक येत होती, तीही हिंदी, आपल्या कोकणातली. तिथल्या आयाबाईंनी मला पहिलं वाक्य शिकवलं, "ऊटा आय्ता?" जेवण झालं का. महिनाभर मी तेवढ्यावर काढला. खाटेपाशी जायचं, ऊटा आय्ता, आणि उत्तर कळो न कळो, थांबायचं. थांबल्यावर लोक बोलतात. तुला कधी जायचं झालं तर कन्नड आधीपासून शिकायला घे. समितीलाही ते पुस्तकी ज्ञानाइतकंच दिसतं.

नंबर नाही लागला तर? लागणार नाही असं म्हणत नाहीये, पण जागा मोजक्या आणि अर्ज डोंगराएवढे, तेव्हा हे आत्ताच बोलून ठेवलेलं बरं. वर्ष घरी बसून क्लास लावायचा नाही. पुण्यातच आहेस. येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करता करता डॉ. सुनंदा अवचटांनी डॉ. अनिल अवचटांच्या साथीने १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. तिथे किंवा अशाच एखाद्या ठिकाणी काय काम देतात ते विचार. सतरंज्या घालायला सांगितल्या तरी जा. एम.ए. तुझ्याच विद्यापीठात होईल, त्यात कमीपणा काही नाही. आमच्या मॅडमचंही साध्या कॉलेजातलंच आहे.

बाबांचं एकच पालुपद चालू आहे, एवढं शिकून पगार किती. त्यांना मी सांगितलं, राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि आपलं रत्नागिरी, आणि चारीकडे माणसं हवीतच. त्यांचं समाधान झालेलं नाही. ते तू आल्यावर बघ.

दाखल्याचं राहिलं. सीयूईटीला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आपण बारावीनंतर काढलेला राज्याचा नॉन-क्रिमीलेअर चालत नाही, आणि तो चालू आर्थिक वर्षातला हवा. बाबा उद्या सेतूत जातायत. तुझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची आणि आधारची झेरॉक्स आज रात्रीच व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, सरळ धरून फोटो काढ, गेल्या वेळी कोपरा कापला होता म्हणून परत यावं लागलं. एसओपीचा नवा मसुदा बुधवारी पाठवलास तर माझी सुट्टी आहे.

तुझी,
आई